लॉरी बेकर : झाडाला वळसा घालणारी भिंत

घर बांधायचे म्हणजे आधी जमीन सपाट करायची, झाडे तोडायची आणि दूरवरून सिमेंट-लोखंड आणायचे, ही रीत सर्वत्र रूढ होत असताना वास्तुकार लॉरी बेकर यांनी आयुष्यभर तिच्या उलट वाट चालली.

२ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत थांबावे लागले. तेथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. घराला लागणारे साहित्य पाच मैलांच्या परिसरातच मिळावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला.

१९४५ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी कार्य करणाऱ्या संस्थेचे वास्तुकार म्हणून ते भारतात आले. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह झाल्यावर हे दांपत्य हिमालयातील पिथोरागढ परिसरात दीड दशक राहिले. तेथील दगड, माती आणि लाकडाची साधी घरे हीच त्यांची खरी शाळा ठरली. थंडी, उतार आणि पाऊस यांची उत्तरे गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शोधून ठेवली होती. परदेशी शिक्षणात ती नव्हती.

१९६३ मध्ये बेकर केरळमध्ये आले व पुढे तिरुवनंतपुरम येथे स्थायिक झाले. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत त्यांनी रुजवली. त्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णता अडवते. स्लॅबच्या ज्या भागात काँक्रीटवर भार नसतो, तेथे त्यांनी जुनी मंगलोरी कौले बसवली. विटांच्या जाळीतून वारा आणि उजेड आत येत असल्याने काचेच्या खिडक्यांची गरज कमी झाली. वाटेत झाड आले, तर भिंत वळसा घेई. नालांचिरा येथील खडकाळ उतारावर त्यांनी स्वतःचे घर बांधले तेही उताराच्या कलानेच. तिरुवनंतपुरममधील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर या विचाराची मोठी साक्ष आहे.

या काटकसरीमागे केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. वाचलेली प्रत्येक वीट बेघर कुटुंबाला छपराच्या जवळ नेते, हा त्यांचा हिशेब होता. म्हणूनच ते कागदी नकाशावर विसंबून न राहता गवंड्यांसोबत प्रत्यक्ष बांधकामावर उभे राहत आणि जागा पाहून आराखडा बदलत. बांधकामाच्या युक्त्या त्यांनी सोप्या चित्रपुस्तिकांतून सर्वांसाठी खुल्या केल्या. स्वस्त घर म्हणजे हलके घर, या समजुतीशी मात्र त्यांना अखेरपर्यंत झुंजावे लागले.

त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेले गवंडी आणि १९८५ मध्ये त्यांच्या सहभागाने स्थापन झालेली कॉस्टफोर्ड ही संस्था यांच्या हातून तो वारसा पुढे चालत राहिला.