डॉ. कोटणीसांचे चीनमधील रोजचे जिणे

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव ठाऊक नाही असा सुशिक्षित माणूस महाराष्ट्रात विरळाच. मात्र ही ओळख बहुतांशी व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने करून दिलेली आहे. रणधुमाळी, शस्त्रक्रिया आणि अकाली मृत्यू एवढेच जनमानसात ठसले. सोलापूरच्या मध्यमवर्गीय घरातला हा तरुण त्या परक्या मुलुखात रोज जगत कसा होता, हा प्रश्न मागे पडला. वास्तविक त्यांच्या मोठेपणाचे मर्म शोधावयाचे ते तेथेच.

१० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेल्या कोटणीसांनी वैद्यकाची पदवी मुंबईत घेतली. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे साह्य मागितले आणि काँग्रेसने डॉ. अटल यांच्या नेतृत्वाखाली पाच डॉक्टरांचे पथक धाडले. नागपूरचे डॉ. चोळकर त्यांत होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली, ती साधारण वर्षभराच्या बोलीने. चुंगकिंगमध्ये असतानाच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. घरी आई आणि भावंडांचा मोठा परिवार. मिळवत्या हाताची निकड उघड होती. परतण्याची मोकळीक असूनही ते परतले नाहीत. अशा निश्चयाची किंमत निश्चय करणाराच केवळ देतो असे नव्हे. ती सोलापूरच्या घरानेही मोजली, आणि गौरवाच्या भाषणांत या घराचा उल्लेख क्वचितच होतो.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. शहर जपानी विमानांच्या माऱ्याखाली, म्हणून माणसे, शाळा, इस्पितळे सारे मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांत. कापूस भरलेला जाडजूड अंगरखा, रात्री तेलाचा मिणमिणता दिवा आणि ताटात राळ्याचा भात. ज्वारीच्या मुलुखातून आलेल्या माणसाला राळे अगदीच अनोळखी नसावेत. पण तेच अन्न दिवसामागून दिवस खाणे निराळे. पुढे नाकेबंदीमुळे औषधे आणि कापड यांची इतकी चणचण झाली की, जखमेवरच्या पट्ट्या धुऊन पुन्हा वापराव्या लागत. टंचाईचे अर्थशास्त्र ते असे अनुभवाने शिकले.

या काळात त्यांनी केलेली सर्वांत दूरगामी गोष्ट म्हणजे चिनी भाषेचा अभ्यास. दुभाष्यामार्फत नाडी पाहता येते. रुग्णाची भीती ऐकता येत नाही. कोटणीस चिनी बोलू लागले, वाचू-लिहू लागले आणि वर्गात चिनीतूनच शिकवू लागले. को दी-हुआ या नावाने लोक त्यांना ओळखू लागले. त्यांच्या सावळ्या वर्णावरून सैनिक त्यांना काळी आई म्हणत, असे सांगतात. मराठी शेतकरी हे नाव आपल्या जमिनीला देतो. चिनी सैनिकांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पथकातील इतर सहकारी कालांतराने मायदेशी परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. १९४० च्या एका लढाईत १३ दिवसांत ८०० हून अधिक जखमी त्यांच्या पथकाकडे आले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांना शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये मृत्यू आला होता. त्यांच्या नावाने हेबेई प्रांतात उभ्या राहिलेल्या इस्पितळाची धुरा जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांवर आली. तेथे जवळपास खेड्यातलीच घरे हेच वॉर्ड. परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंग-लान यांच्याशी त्यांनी त्याच वर्षी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिन-हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

संसाराचे हे सुख चार महिनेही पुरले नाही. अपस्माराचे झटके त्यांना आधीपासून येत होते. उपचारासाठी दूर जाण्याचा सहकाऱ्यांचा आग्रह त्यांनी मानला नाही. हा निर्णय वैद्याला शोभणारा होता काय, अशी शंका मनात येते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांसाठी लिहावयास घेतलेले शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक अपुरेच राहिले. यिन-हुआनेही वैद्यकाचाच मार्ग धरला; शिक्षण चालू असतानाच, १९६७ साली, तोही गेला. क्वो छिंग-लान त्यानंतर दीर्घकाळ जगल्या. पतीच्या माणसांना भेटावयास त्या भारतात येत राहिल्या, आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले.