अंगणातला ओटा आणि बाबांचा घाट

जठारपेठेतल्या आमच्या घरासमोर मी मोठ्या हौसेनं ओटा बांधून घेतला होता. मधोमध तुळशीवृंदावन, बाजूला बसायला कट्टा आणि कडेनं कमरेएवढी भिंत. पहिला पावसाळा नीट गेला. पण उन्हाळा आला आणि वृंदावनाला बोट जाईल एवढी भेग पडली. पुढच्या वर्षी भिंत रस्त्याकडे झुकली. ज्यांनी काम केलं त्यांनी फोन उचलणं सोडलं. पैसा गेला तो गेलाच, पण रोज दिवा लावताना ती भेग डोळ्यांत खुपायची.

त्याच पौषात जाऊबाईंबरोबर ऋणमोचनच्या यात्रेला गेले. भातकुली तालुक्यातलं हे पूर्णाकाठचं गाव. पौषातल्या रविवारी इथे यात्रा भरते. घाटाच्या पायऱ्यांवर टेकले आणि मनात आलं, आपल्याला हातभर ओटा धड बांधता आला नाही, आणि ज्यांच्या खटपटीतून इथे पहिल्यांदा घाट उभा राहिला त्यांच्याजवळ स्वतःचं घरही नव्हतं. घरी आले ती गाडगेबाबांचं चरित्र पुन्हा काढूनच बसले.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. घर परटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन भावाकडे आल्या, ते दापुरा आपल्याच अकोला जिल्ह्यातलं, मूर्तिजापूर तालुक्यातलं. डेबूनं मामाची गुरं राखली, नांगर धरला, घाम गाळून शेती पिकवली. सावकारानं ती शेती गिळली, तेव्हा अक्षर न शिकलेला हा पोरगा त्याच्यासमोर उभा राहिला. कर्ज, दारू आणि अडाणीपणा घर कसं पोखरतात हे त्यानं पुस्तकात वाचलं नाही, घरातच पाहिलं. म्हणून तर लेकीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटण न देता त्यानं गोडाचं जेवण वाढलं. लोक रुसले, पण त्यानं माघार घेतली नाही.

ऋणमोचनला यात्रेकरू चिखलातून नदीत उतरत. म्हातारी माणसं घसरत, बायाबापड्या लेकरं कडेवर घेऊन जीव मुठीत धरून पाण्याकडे जात. बाकीचे आंघोळ करून पुण्य घेऊन जायचे आणि डेबूजी काठावर उभे राहून लोकांना हात द्यायचे. १ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. पुढे याच ऋणमोचनला त्यांनी वर्गणीतून घाट बांधवला. ते साल १९०८ च्या सुमाराचं. दरवर्षी नव्या माणसाला हात देण्यापेक्षा एकदाच पायऱ्या बांधल्या तर हात नसतानाही माणूस सुखरूप उतरेल, असा हा साधा विचार असावा असं मला वाटतं.

मग बांधकामं थांबलीच नाहीत. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा, पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा. पंढरपुरात अस्पृश्य म्हणून ज्यांना कुणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा झाली. १९४९ मध्ये ती वास्तू बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांची आबाळ पाहून १९५४ मध्ये तिथेही धर्मशाळा उभी केली.

बाबांची कामाची पद्धतही ठरलेली होती. गावात शिरले की आधी खराटा हातात. गटारं, रस्ते स्वतः झाडायचे. संध्याकाळी कीर्तन. त्यात देवाच्या गोष्टी कमी आणि कर्ज, दारू, शिक्षण, मुक्या जनावरांची हत्या यावर प्रश्न जास्त. कुणाला पाया पडू द्यायचे नाहीत. आधी साफसफाई, मग लोकांची मनं, आणि मग वीट-दगड. आम्ही गटाच्या बाया मात्र आधी फलक लावतो आणि झाडू नंतर शोधतो!

पण एक बाई म्हणून चरित्र वाचताना मी कुंताबाईंजवळ अडते. नवरा रात्री न सांगता निघून गेला. मागे सासू, लेकरं आणि रोजची चूल. मुलगा गोविंदा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानं गेला. बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनात होते, आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हे वाचून आपण हात जोडतो, पण त्या माउलीनं ते कसं सोसलं असेल? बाबांनी मृत्युपत्रातही लिहून ठेवलं की संस्थांच्या मालमत्तेवर घरच्यांचा कसलाही हक्क नाही. हजारोंना छप्पर मिळालं, त्याच्या पायात कुंताबाईंचाही एक चिरा आहे. त्यावर नाव मात्र कोरलेलं नाही.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी त्यांच्या कामासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झालं. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात आहे.

आता माझ्या ओट्याचं सांगते. या वेळी शेजारच्या वयस्कर मिस्त्रीकाकांना बोलावलं. त्यांनी पायाच उकरून दाखवला. तो काळ्या मातीतच थांबवला होता. आपली वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते, मग वरचं बांधकाम कसं टिकणार? या वेळी मुरूम लागेपर्यंत खणलं. विटा पाण्यात भिजवून घेतल्या. आपल्या खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी बांधकामाला वापरलं की भिंतीला लोणा लागतो, म्हणून नळाचं गोडं पाणी साठवून वापरलं. विटांच्या जोडाईला एक घमेलं सिमेंटला सहा घमेली चाळलेली रेती. कालवलेला माल तासाभरात संपवायचा, सुकला तर पाणी घालून पुन्हा वापरायचा नाही. कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, म्हणजे पाणी साचत नाही. मातीला टेकलेल्या भिंतीत पाणी निघायला छिद्रं ठेवली. आणि उन्हाळा होता म्हणून दहा दिवस गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. हे शेवटचं काम मिस्त्रीचं नव्हे, घरच्या बाईचंच. तेवढंच आपण टाळतो आणि मग दोष सिमेंटला देतो.

दोन पावसाळे झाले, एकही भेग नाही. आमच्या बचत गटाची बैठक आता त्याच ओट्यावर होते. शेजारच्या आजीबाई दुपारी तिथे टेकतात, भाजीवाली टोपली उतरवून पाणी पिते. घरमालकीण म्हणून मला आधी थोडं खटकायचं, खरं सांगते. आता नाही खटकत. बैठकीआधी मात्र ओटा झाडायचा, आणि ज्या बाईची पाळी असेल तिनंच झाडायचा, असा नियम केलाय. पहिली पाळी मी माझ्याकडे ठेवली.