ताराबाई मोडक

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या रांगांमध्ये भिल्ल आणि पावरा लोकांचे पाडे विखुरलेले आहेत. एक घर या टेकडीवर, तर दुसरे पलीकडच्या उतारावर. दिवस उजाडला की आईबाप शेतात अथवा रानात कामाला निघून जातात. अशा पाड्यांवरही तीन ते सहा वर्षांची बालके एकत्र जमतात, खेळतात, गाणी म्हणतात आणि गोष्टी ऐकतात. ती जेथे जमतात, त्या जागेला अंगणवाडी म्हणतात. हा शब्द आज सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु मुलांच्या अंगणात शाळा नेण्याची कल्पना आपोआप जन्मास आली नाही. तिच्यामागे एका विदुषीचे अखंड परिश्रम आहेत. त्या विदुषी म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे अनुयायी होते. मुलींनी शिकणे अनेकांना अनावश्यक वाटत असे, अशा त्या काळात ताराबाईंना घरातूनच शिक्षणाची गोडी लागली. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीस होत्या. पण तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी होती. ताराबाईंनी धीर सोडला नाही. राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. अशी पदे त्या काळी बहुधा युरोपीय स्त्रियांकडे असत. मान होता, वेतन चांगले होते, पुढील आयुष्य निश्चिंतपणे गेले असते.

त्याच सुमारास गुजरातेत भावनगर येथे एक नवा प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थांनी वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. हा विचार मूळचा इटलीतील मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंचा. त्यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथे त्यांच्या ध्यानात आले, की लहान मूल स्वभावतः आळशी नसते. त्याला आवडीचे काम मिळाले तर ते त्यात रंगून जाते. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठ्या दट्ट्या बसवण्याचा खेळ एखादे बालक पुनःपुन्हा खेळते. कोणी बक्षीस देणार म्हणून नव्हे, तर तेच त्याचे त्या वेळचे शिक्षण असते म्हणून. तेव्हा शिक्षकाने मध्ये बोलू नये, घाई करू नये. मुलाचे मन कोठे रमते ते पाहावे आणि त्याला हवे ते साधन योग्य वेळी त्याच्यापुढे ठेवावे.

आपल्याकडील शाळांची रीत तेव्हा याच्या अगदी उलट होती. मुलांनी मांडी घालून गप्प बसावे, पंतोजींनी सांगितलेले घोकावे आणि चुकले तर मार खावा, हाच शिक्षणाचा मार्ग समजला जाई. शाळेचे नाव काढताच कित्येक मुले दडून बसत. गिजुभाईंच्या बालमंदिरात मात्र मुले आनंदाने येत. ताराबाईंनी विचार केला आणि मानाचे पद सोडले. १९२३ साली लहानग्या मुलीला घेऊन त्या भावनगरला गेल्या व बालकांच्या शिक्षिका झाल्या.

भावनगरला ताराबाई व गिजुभाई यांनी खांद्याला खांदा लावून काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षण पत्रिका हे मासिक निघू लागले. पुढे १९३३ मध्ये ते मराठीतही सुरू झाले. शाळेत जे मिळते ते घरीही मिळाले पाहिजे, असा हा विचार होता. मूल आईच्या हातची लाटणी ओढते, केरसुणी धरते, तांब्याने पाणी ओतू पाहते. मोठ्यांना ती लुडबूड वाटते व ती त्याला दटावतात. वस्तुतः मूल तेव्हा शिकत असते. त्याला छोटी केरसुणी द्यावी, हाताला पेलेल असा लहान तांब्या द्यावा. चार थेंब सांडतील, पण हात स्थिर होईल. मुलाच्या मागे लागण्याऐवजी त्याच्या आवडीमागून जावे, ही नवी दृष्टी पालकांना मिळाली.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. शिक्षिका तयार करण्यासाठी अध्यापनाचे वर्गही तेथे चालत. १९३९ मध्ये गिजुभाई निवर्तले. या कार्याची धुरा आता ताराबाईंवर आली. शिशुविहाराची कीर्ती वाढत होती; तथापि त्यांच्या मनाला एक गोष्ट बोचत असे. ही सुंदर साधने महाग होती. शहरातील सुखवस्तू कुटुंबांच्या मुलांनाच त्यांचा लाभ होई. माँटेसरी बाईंनी तर गरिबांच्या मुलांपासून आरंभ केला होता. मग खेड्यातील मुलांचे काय?

ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. पुष्कळ माणसे या वयात विश्रांतीचा विचार करू लागतात. ताराबाईंनी १९४५ साली मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. त्यांच्या हाकेला साद देऊन पुण्याच्या एक शिक्षिका अनुताई वाघ तेथे आल्या. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते. त्या दुःखावर मात करून त्या शिकल्या होत्या. पुढे आयुष्यभर त्यांनी ताराबाईंना साथ दिली.

बोर्डीला शाळा तर उघडली. पण गरिबांच्या वस्तीतील मुले तिकडे फिरकत नसत. ती आळशी होती काय? नव्हे. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड असे, तर कोणाला बकऱ्या राखावयाच्या असत. अंगावर पुरते कपडे नसत, म्हणून संकोच वाटे. मुलांना बोलावून उपयोग नाही, आपणच गेले पाहिजे, हे ताराबाईंनी जाणले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. तेथल्याच एखाद्या घरापुढचे अंगण झाडावे, मुलांना न्हाऊ घालावे, केस विंचरावेत, मग गाणी आणि खेळ सुरू करावेत, असा क्रम सुरू झाला. हीच अंगणातील बालवाडी.

महाग साधनांचाही प्रश्न सुटला. समुद्रकाठी शंखशिंपले हवे तेवढे होते. झाडाखाली बिया, पाने, काड्या आणि खडे पडलेले होते. मुले शिंपले मोजू लागली, लहानमोठी पाने ओळीने लावू लागली, ओल्या वाळूत बोटाने आकृती काढू लागली. परदेशातून आलेला विचार अशा रीतीने या मातीचा झाला. ताराबाईंनी साधने बदलली, पण तत्त्व बदलले नाही. मुलाचे मन जेथे रमते, तेथूनच त्याचे शिक्षण सुरू होते, हे ते तत्त्व.

पुढे १९५७ च्या सुमारास हे केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात आहे. तेथे मुख्यतः वारली आदिवासींची वस्ती होती. थोरली बहीण धाकट्या भावाला सांभाळते, म्हणून शाळेत येत नाही. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्यात आल्या. भाऊ पाळणाघरात राही आणि बहीण निश्चिंतपणे पाटीवर लिही. जी मुले गुरे राखण्यास जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असत आणि तेथेच झाडाच्या सावलीत मुले शिकत असत. मुलांच्या मागोमाग शाळा रानापर्यंत गेली.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. अनुताईंनी १९९२ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत कोसबाडचे कार्य पुढे चालविले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

ताराबाईंना मोठ्या शहरात, मोठ्या पदावर राहता आले असते. त्यांनी ज्यांना आपली गरज सांगताही येत नाही, अशा बालकांची सेवा पत्करली. लहान मुलाला काय हवे, हे त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर त्याच्याकडे नीट पाहिल्याने कळते. असे पाहण्यास मोठी चिकाटी आणि निर्मळ प्रेम लागते. ताराबाईंनी आपले सारे आयुष्य त्या पाहण्यासाठी वेचले.