पाठीवरचा चार नंबर

टीममध्ये तुम्ही कितवे खेळणार, हे मॅनेजर ठरवतो. लू गेरिगचंही न्यूयॉर्क यँकीजचे मॅनेजर मिलर हगिन्स यांनीच ठरवलं. २ जून १९२५ला २१ वर्षांच्या लूला त्यांनी वॉली पिपच्या जागी उतरवलं, पण सहाव्या नंबरवर. १९२७मध्ये तो चौथा खेळू लागला, थेट बेब रूथच्या मागे. बेसबॉलमध्ये चौथ्याचं काम म्हणजे बेसवर थांबलेल्यांना घरी आणणं. शिवाय रूथला फुकट बेस देऊन टाळावं, तर पुढे लू उभाच! त्या वर्षी रूथचे होम रन ६०, लूचे ४७. गाजावाजा रूथचाच झाला, लू मात्र आपल्या जागी खेळत राहिला.

१९२९मध्ये यँकीजने बॅटिंग ऑर्डरप्रमाणेच जर्सीवर नंबर टाकले. रूथ ३, लू ४. सलग २१३० मॅच झाल्यावर, मे १९३९मध्ये शरीर साथ देईना, तेव्हा लू स्वतःहून बाहेर बसला. २ जून १९४१ला, वयाच्या ३७व्या वर्षी, एएलएस या आजाराने तो गेला. यँकीजने चार नंबर पुन्हा कुणालाच दिला नाही.

तुम्हाला आज सहावा नंबर मिळालाय? मन लावून खेळा. लूची सुरुवातही तिथूनच झाली होती.