ज्ञाताकडून अज्ञाताकडे : नेवाशाची माती वाचणारे डॉ. सांकलिया



दरवर्षी निकाल लागले की आपल्याकडे एक प्रसंग हमखास घडतो. एखादी हुशार मुलगी किंवा मुलगा घरी सांगतो, मला इतिहासात एम.ए. करायचंय. घरात क्षणभर शांतता पसरते. मग कुणीतरी विचारतं, सनावळ्या पाठ करून पुढे काय? पालक आपल्याकडे, म्हणजे शिक्षकाकडे येतात आणि खरं सांगा, आपणही जरा अडखळतोच. कारण विद्यापीठाच्या विभागात इतिहास शिकणं म्हणजे नेमकं काय, हे आपल्यालाही कुणी नीट सांगितलेलं नसतं.

आज त्याचंच उत्तर शोधू या. त्यासाठी एका माणसाचं आयुष्य पाहू. हा माणूस मुंबईचा, घरची भाषा गुजराती, पण त्यांनी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा इतिहास हजारो वर्षं मागे नेला. त्यांचं नाव डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत झाला. घर वकिलांचं. बाळ इतकं नाजूक होतं की ते जगेल याची घरच्यांना खात्री नव्हती. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांचं आर्यांच्या मूळ वसतिस्थानावरचं पुस्तक गुजराती अनुवादात आलं. पुस्तकातलं फारसं कळलं नाही, पण प्रश्न मनात रुतून बसला. आपल्या देशाचा सर्वांत जुना काळ कसा होता, आणि तो कळणार कसा? टिळकांसारखा अभ्यास करायचा तर संस्कृत आणि गणित हवं, असं ठरवून त्यांनी तेच विषय घेतले. बघा, पुस्तक कळलं नाही म्हणून ते बाजूला पडलं नाही. त्या न कळण्यानेच पुढची वाट दाखवली.

पदवीनंतर एम.ए. त्या वेळी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास हे स्पॅनिश धर्मगुरू इतिहास संशोधनाची संस्था चालवत होते. त्यांच्या हाताखाली सांकलियांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो १९३४ मध्ये पुस्तकरूपाने आला. आता इथे थोडं थांबा. एम.ए.ला आल्यावर अभ्यासाची रीत बदलते. शाळेत आपण सांगतो, नालंदा हे मोठं विद्यापीठ होतं. एम.ए.चा विद्यार्थी विचारतो, हे आपल्याला कशावरून कळलं? चिनी प्रवाशांनी काय लिहिलं? ताम्रपटात काय आहे? खोदकामात काय निघालं? आणि या तिघांचं एकमेकांशी जुळतं का? उत्तर कसं मिळालं, हे तपासायला शिकणं हाच इथला खरा अभ्यास.

पुढे ते लंडनला गेले. पीएच.डी.चा विषय होता गुजरातचं पुरातत्त्व. पण पुस्तकांइतकंच त्यांना शिकवलं एका उत्खननाने. इंग्लंडमधल्या मेडन कॅसल इथे मॉर्टिमर व्हीलर शिस्तशीर उत्खनन करत होते. मातीचे थर वेगळे ओळखायचे, कुठली वस्तू कुठल्या थरात मिळाली याची काटेकोर नोंद ठेवायची, हे सांकलिया तिथे हातात अवजार घेऊन शिकले. वस्तू कितीही सुंदर असली तरी तिचा थर माहीत नसेल तर ती जवळजवळ मुकी असते, हा तो धडा.

१९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज नव्या रूपात सुरू झालं. सरकारने १९३४ मध्ये बंद केलेलं हे कॉलेज आता पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची संस्था झालं होतं. सांकलिया तिथे प्राध्यापक म्हणून आले. इरावती कर्वेही त्याच सुमारास तिथे रुजू झाल्या. सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच संस्थेत राहिले आणि शेवटी तिचे संचालकही झाले. त्यांच्या विभागात शिकायला येणाऱ्याला वर्ग आणि ग्रंथालय एवढ्यावर भागत नसे. नदीकाठ तुडवायचे, खापरं गोळा करायची, धुवायची, त्यांवर क्रमांक घालायचे, चित्रं काढायची आणि मग लिहायचं.

आणि इथून आपला जिल्हा या गोष्टीत येतो.

त्या काळी समज असा होता की मौर्य-सातवाहनांच्या आधी महाराष्ट्रात सांगण्यासारखं काही नव्हतं. दंडकारण्य, घनदाट जंगल, बस्स. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि त्यांचे सहकारी शां. भा. देव यांनी नाशिक आणि संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खनन केलं. प्रवरेकाठच्या या छोट्या गावात तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. लाल रंगावर काळ्या रेषांची नक्षी असलेली, पक्की भाजलेली, टिचकी मारली की खणखणणारी भांडी मिळाली. तशीच भांडी पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडत गेली. आज साऱ्या जगातले पुरातत्त्वज्ञ त्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात. तिचा काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. आपल्या तालुक्यातल्या गावाचं नाव जगाच्या पुस्तकात आहे, हे जोर्व्याच्या आसपासच्या शाळांतल्या किती मुलांना ठाऊक असेल?

मग आलं नेवासा. १९५४ ते १९५६ या काळात तिथे उत्खनन झालं. नेवासा म्हटलं की आपल्याला आठवतात ज्ञानेश्वर माउली आणि पैस खांब. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली, तिथपर्यंत आपला इतिहास जातो. सांकलियांनी त्याच गावच्या टेकाडात खाली खाली जायला सुरुवात केली. वरच्या थरांत मराठेशाही आणि मुसलमानी राजवटीचा काळ. त्याखाली सातवाहनांच्या काळातलं भरभराटीचं गाव, आणि त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे! म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी प्रवराकाठचा रोमशी व्यापारी संबंध होता. त्याखाली जोर्वे संस्कृतीचे शेतकरी. आणि नदीच्या काठावरच्या गाळ-गोट्यांत त्याहून कितीतरी जुनी, अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं.

या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो, नेवाशात इतिहासाकडून प्रागितिहासाकडे. डी.एड., बी.एड.ला आपण शिकलोय ना, ज्ञाताकडून अज्ञाताकडे? तेच सूत्र. फरक इतकाच की इथे ते फळ्यावर नाही, मातीत उतरलंय.

नेवाशातली एक गोष्ट मात्र वर्गात आवर्जून सांगा. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली आणि आत बाळाचे अवशेष. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या क्षारांमुळे आतला दोराही थोडा टिकून राहिला. तपासल्यावर त्यात कापूस आणि रेशीम निघालं. जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वी गेलेल्या लेकराला आईबापांनी घराबाहेर दूर नेलं नाही, घरातच ठेवलं, गळ्यातली माळही काढली नाही. या गावात ना राजा सापडला, ना लढाई, ना सनावळी. पण इतिहास आहे की नाही हा? त्या दोऱ्यावरून कापूस, रेशीम आणि सूतकताई कळली, हे खरंच. त्याबरोबर एका घराचं दुःखही कळलं.

हे काम पुढेही चालू राहिलं. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला इतर संशोधकांनी उत्खनन केलं. शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ पासून अनेक हंगाम काम केलं आणि एक अख्खं गाव कसं जगत होतं ते उलगडून दाखवलं. १९७४ मध्ये सांकलियांना पद्मभूषण मिळालं. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, डेक्कन कॉलेज अभिमत विद्यापीठ झालं.

त्यांची सगळी मतं टिकली असं मात्र नाही हं. काही भांड्यांच्या आकारावरून त्यांना इराण, पश्चिम आशियाशी संबंध दिसत होते. नंतरच्या अभ्यासकांपैकी अनेकांनी ते मानलं नाही. पंधराव्या वर्षी पडलेला तो आर्यांचा प्रश्न काही त्यांच्याकडून सुटला नाही. पण त्यांनी पुरावा नीट नोंदवून ठेवला होता, म्हणून तर पुढच्यांना त्यांच्याशी असहमत होता आलं. चांगल्या शिक्षकाची हीसुद्धा एक खूण नाही का?

आता पुन्हा त्या घरातल्या प्रश्नाकडे. इतिहासात एम.ए. करून पुढे काय? नोकरीची चिंता खोटी नाही, ती मी हसण्यावारी नेणार नाही. वाट अवघड आहे, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. पण सनावळ्या पाठ करणं म्हणजे इतिहास, हे मात्र सांगू नका. मुलाला विचारा, तुला कुठला प्रश्न पडलाय? प्रश्न असेल तर तो पुरावा शोधेल, तपासेल, स्वतःची चूक मान्य करायला शिकेल. ही सवय कुठल्याही कामात उपयोगी पडते. आणि प्रश्नच नसेल, तर कुठल्याही विषयातलं एम.ए. नुसतं कागदावर राहतं.

शिक्षकांसाठी एक छोटा उपक्रम सुचवतो. पुढची सहल नेवाशाला गेली तर पैस खांबाचं दर्शन झाल्यावर मुलांना प्रवरेचा काठ दाखवा. या मातीखाली कोण कोण राहून गेलं असेल, ते त्यांना आधी अंदाजाने लिहू द्या, मग ही गोष्ट सांगा. एक पथ्य मात्र पाळा. खापर दिसलं तर बघायचं, चित्र काढायचं, पण उचलून घरी आणायचं नाही आणि उकरायचं तर मुळीच नाही. जागेवरून हललेली वस्तू मुकी होते, हे आता आपल्याला माहीत आहे.

तुमच्या गावाजवळ असं एखादं पांढरीचं टेकाड आहे का? आधी घरातल्या आजी-आजोबांना विचारा. अभ्यासाची सुरुवात तिथूनही होते.