शिवनेरीवरचा कैदी

शिवनेरीवर शाळेच्या जेवढ्या सहली गेल्या, त्या सगळ्यांत आपण शिवजन्माचं ठिकाण पाहिलं, शिवाई देवीला नमस्कार केला आणि डबे खाऊन उतरलो. याच किल्ल्यावर शेवटचा पेशवा कैदेत होता, हे कुठल्या गाइडमध्ये नव्हतं.

दुसरा बाजीराव, रघुनाथराव-आनंदीबाईंचा मुलगा, जन्म १७७५, धारचा. बापाच्या राजकारणाची शिक्षा मुलांना मिळाली. १७९४ मध्ये नाना फडणवीसांनी बाजीराव, धाकटा चिमाजी आणि दत्तक भाऊ अमृतराव यांना शिवनेरीवर ठेवलं. सवाई माधवरावाशी चोरून पत्रव्यवहार केला, तोही पकडला गेला. प्रत्येक गोष्टीत मागे फिरायची वाट ठेवायची, हे तो इथंच शिकला असावा, असं मला वाटतं.

१७९६ अखेर तो पेशवा झाला. १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांशी गाठ पडली, तेव्हा रणाकडे निघालेले श्रीमंत तोफांच्या आवाजानं माघारी वळले. त्यातून वसईचा तह झाला आणि इंग्रज फौज पुण्याच्या उंबरठ्यावर आली.

पण खरी गोष्ट १८१७ ची. इंग्रजांशी लढायचं ठरलं, बापू गोखल्यांना सेनापती नेमून पैसाही दिला. त्याच वेळी एल्फिन्स्टनशी गोड बोलणी चालूच होती. मुंबईहून गोरी पलटण यायच्या आत हल्ला करावा, असा गोखल्यांचा आग्रह. श्रीमंतांचं मन होईना. पलटण ३० ऑक्टोबरला पोचली आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. मराठे सुमारे २६ हजार, इंग्रजांकडचे २८०० च्या आसपास. श्रीमंत पर्वतीवर. तिथून ऐन वेळी गोखल्यांना निरोप गेला, की पहिली तोफ आपल्याकडून डागू नका.

मी सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे सिस्टिम कोसळली की आधी विचारतात, हा बदल कुणी मंजूर केला? मंजुरी नुसती तोंडी होती म्हणून हात झटकणारे साहेब मी पाहिलेत. त्यामुळे तो निरोप वाचून थबकले. युद्ध हवं होतं, पण ते आपण सुरू केलं असं कुणी म्हणायला नको होतं.

पुणं गेलं. पळापळीत डिसेंबरमध्ये पेशवा आपल्याच मुलखात, ओतूर-ब्राह्मणवाड्याकडे आला. तिथून चाकणला उतरला. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई त्यानं लांबून पाहिली. २० फेब्रुवारीला सोलापूरकडच्या आष्टीला इंग्रजांनी अचानक गाठलं, तेव्हा त्यानं गाफील राहिल्याचा टोमणा गोखल्यांना पाठवला आणि पालखी सोडून घोड्यावर बसून निघून गेला. तो टोमणा गोखल्यांना झोंबला. ते लढता लढता पडले. सातारचे छत्रपती प्रतापसिंह त्याच दिवशी इंग्रजांच्या हाती लागले.

बाजीरावाच्या भित्रेपणाचा मला तितकासा राग येत नाही. एकोणिसाव्या वर्षी कैदेत पडलेल्या मुलाला भीती असणारच. राग येतो तो त्या टोमण्याचा.

जूनमध्ये माल्कमच्या हवाली होतानाही त्याचं म्हणणं हेच, की युद्ध आपल्याला नकोच होतं, इतरांनी त्यात ओढलं. गोखले उत्तर द्यायला उरले नव्हते. माल्कमनं सालाना ८ लाखांची नेमणूक ठरवली आणि कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, त्याची रवानगी झाली. तिथं तो आणखी ३२ वर्षं जगला आणि १८५१ मध्ये वारला. ती नेमणूक दत्तक मुलगा नानासाहेबाला नाकारली गेली. त्यापुढचं १८५७ चं प्रकरण पुढच्या मेळाव्याच्या स्मरणिकेत कुणीतरी लिहा.