मूल नेमके कुठे अडले? : डॉ. मारिया माँटेसरी

माँटेसरी हे नाव बालवाड्यांच्या पाट्यांवर इतके दिसते की ते एका बाईंचे आडनाव आहे हे विसरायलाच होते. या बाई डॉक्टर होत्या, आणि त्यांच्या कामाला सुरुवात झाली ती शाळांनी ज्यांच्यावर पाणी सोडले होते अशा मुलांपासून. एखाद्याच्या डोक्यात गणित शिरतच नाही, असे आपल्या घरांतून आजही सहज बोलले जाते. अशा मुलाच्या शिक्षकाने आधी काय शिकावे, हे बाईंच्या चरित्रात सापडते, म्हणून यंदा आम्ही ते निवडले.

मारियांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० चा, इटलीतील किआराव्हाले गावचा. वडील सरकारी नोकरीत, आई वाचनवेडी. मारियांना गणिताची ओढ. मुलगे जात त्या तांत्रिक शाळेत त्या गेल्या, इंजिनिअर व्हायचे म्हणत होत्या, मग मन वैद्यकाकडे वळले. १८९६ साली रोमच्या विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. त्या काळी इटलीत स्त्री डॉक्टर बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेली मुले त्यांनी पाहिली. मंदबुद्धीचा शिक्का बसलेली ही मुले मोठ्या रुग्णांबरोबर कोंडलेली असत, हाताला खेळायला वस्तू नसे. यांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, असे बाईंचे मत झाले. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी आधी या वाटेवर काम केले होते. सेगँचा ग्रंथ तर बाईंनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढला.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण शाळा निघाली. बाई तिच्या दोन संचालकांपैकी एक. शिक्षक जिथे शिकत तिथेच मुलांचा वर्ग भरे. तिथली काही मुले पुढे सर्वसाधारण शाळेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी वाहवा केली. बाईंना वेगळाच प्रश्न पडला : ही मुले इथवर येतात, तर धडधाकट मुले इतक्यावरच का थांबतात?

याच काळात आयुष्यात मोठी उलथापालथ झाली. सहकारी डॉक्टर मोंतेसानो यांच्यापासून त्यांना मारिओ हा मुलगा झाला होता. लग्न झाले नाही, आणि लोकलाजेस्तव मूल खेड्यात दुसऱ्यांकडे वाढले. १९०१ मध्ये त्यांनी ती शाळा सोडली. हजारो मुलांना जवळ करणाऱ्या या बाईंना स्वतःचे मूल मात्र कितीतरी वर्षे दूर ठेवावे लागले.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. १९०९ मध्ये शिक्षकांचा पहिला अभ्यासवर्ग झाला.

बाई शिक्षकांना काय शिकवत? मुख्यतः गप्प राहून पाहायला. सेगँकडून घेतलेला तीन टप्प्यांचा पाठ घ्या. आधी वस्तू दाखवून नाव सांगायचे. मग नाव घेऊन ती वस्तू मागायची. शेवटी वस्तू दाखवून नाव विचारायचे. मूल दुसऱ्या टप्प्यावर चुकले तर रागवायचे नाही, पहिल्यावर परत जायचे, तेही त्याच दिवशी हट्टाने नव्हे. ही शिकवणीही आहे आणि तपासणीही.

साधनेही तशीच. दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंतच्या लाल-निळ्या पट्ट्या, म्हणजे संख्या लांबीतून हाताला कळते. शून्य ते नऊ असे खण असलेली पेटी आणि तिच्या पंचेचाळीस चात्या. शेवटी एखादी कमी पडली किंवा उरली तर चूक कुठेतरी झाली हे मुलाला आपोआप समजते, बाईंना बोलावे लागत नाही. शून्याचा खण रिकामाच राहतो. सोनेरी मण्यांत एक मणी, दहाची काडी, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन. आणखी एका फळीवर दहा छापलेले असते, त्यातल्या शून्यावर एक ते नऊ सरकवायचे, म्हणजे अकरा हे दहा आणि एक आहेत हे दिसते.

ही फळी आपल्या मुलांना अधिकच हवी. एकोणीसमध्ये नऊ ऐकूच येत नाही, वीसला एक कमी ऐकू येतो. आपल्या बडोद्यातले मूल घरी एकोणीस, गल्लीत ओगणीस आणि शाळेत नाइन्टीन म्हणते. ते गोंधळले तर त्यात त्याचा दोष किती? २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचनाची रीत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्यामागची अडचण मात्र खरी होती.

१९३४ मध्ये अंकगणितावरचा त्यांचा ग्रंथ बार्सिलोनात निघाला. मुसोलिनीशी बिनसल्यामुळे इटली सुटली होती. १९३६ च्या यादवीमुळे स्पेनही सुटला. हॉलंडमधून १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. बाई इटालियनमध्ये बोलत, मारिओ इंग्रजीत सांगत. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने मारिओला आपल्या अहमदनगरला स्थानबद्ध केले. ३१ ऑगस्टला बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून व्हाइसरॉयने त्याला सोडले, आणि तारेत त्याचा उल्लेख मुलगा असाच केला. तोवर जगापुढे तो त्यांचा पुतण्या म्हणूनच वावरत असे.

पुढे कोडाईकनाल, अहमदाबाद, कराची, श्रीलंका असे वर्ग झाले. आमच्या मते त्यांचा एक दोष सांगायलाच हवा : साधने नेमकी तशीच हवीत हा त्यांचा आग्रह, आणि ती महाग. हे कोडे आपल्या माणसांनी सोडवले. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बाई इथे येण्याआधीच त्यांची पद्धत देशी केली होती. गिजुभाई १९३९ च्या जूनमध्येच गेले. ताराबाईंनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला शंख-शिंपले, बिया, खडे यांवर आदिवासी मुलांना शिकवले, आणि तशा शिक्षिकाही घडवल्या.

बाई १९४९ मध्ये भारतातून परतल्या. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवेक येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आफ्रिकेत जाऊन शिक्षक तयार करावेत, असा विचार तेव्हा चालला होता.